सागाच्या मुळाशी पांढरी माती

बोरजाईवाडीच्या तळ्याला वारं सुटलं की अशा लाटा उठायच्या, की एकदा एका लाटेनं सरपंचाची म्हस काठावरनं उचलली आन् देवळाच्या पायरीवर नेऊन ठेवली. म्हशीनं शिंगानं घंटा वाजवली, देवाला नमस्कार घातला आन् मुकाट गोठ्याकडं चालू पडली. त्या दिसापासनं ती दूध मातर तीर्थागत पळीपळीनं द्याया लागली. ही गोष्ट सांगायचा नाथाजी हवालदार. फौजेतनं पेन्शनीवर आलेला मिशाळ गडी. थाप माराया बसला की ऐकनाऱ्या बायांच्या भाकरी तव्यावर करपायच्या.

म्हशीचं ऱ्हाऊ द्या. पर तळं काठ खात हुतं, ही काय थाप नव्हती. तळ्यावरल्या धरनाची भिंत वाढवली, पानी वर चढलं, आन् तवापासनं दर पावसाळ्यात लाटा काठाच्या पोटात शिरून माती पोखराया लागल्या. वरनं बघावं तर जमीन जशीच्या तशी, गवत डुलतंय, आन् खाली समदं पोकळ.

नाथाजीची बायकू शालूबाई. तिला भरल्या तळ्याकडं बघवायचं न्हाई. अकरा वरसांमागं तिचा ल्योक वीरधवल फौजेतनं रजेवर आला हुता. श्रावनाचं दीस, तळं तुडुंब. सांजच्याला म्हस माघारी आनाया काठानं गेला आन् पायाखालचा काठच बसला. पट्टीचा पोहनारा पोरगा. पर डोंगराएवढी माती अंगावर आल्यावर पोहनारा तरी काय करनार.

त्या गावाची एक रीत हुती. पोरगं भरती झालं की ट्रेनिंगला जायच्या आदी तळ्याच्या उतारावर एक साग लावायचा. मग पोरगं तिकडं बर्फात उभं असलं तरी आई हिकडं म्हनायची, माजा त्यो काय, उतारावर उभा हाय. त्या उतारावरल्या समद्या सागांना मानसांची नावं. ह्यो अमृतचा, ह्यो नानासोचा. कुठला साग कवा लावला ते बाया तोंडपाठ सांगायच्या, पोटच्या पोराचं वय सांगावं तसं. आन् पार कडंला, पान्याच्या तोंडावर, वीरधवलचा साग.

ल्योक गेला तवा शालूबाईनं त्या सागाला मिठी मारून त्येची साल भिजवली. नाथाजी रडला न्हाई. बाराव्याला मानसं दारात बसली हुती, तर ह्यो बाबा त्यांना सरपंचाच्या म्हशीची गोष्ट सांगत बसला. चूल पेटवताना शालूबाईच्या कानावर बाहेरचं हसनं आलं. हातातलं लाकूड तसंच धरून ती किती तरी येळ बसली. त्या दिशी तिच्या मनात जी गाठ पडली ती पडलीच. भांडन न्हाई, तंटा न्हाई. चहा ठेवायची, ताट वाढायची, दुखलंखुपलं तर तेल चोळायची. पर बोलनं म्हनशीला तर मीठ-मिरचीपुरतं.

वरसाकाठी उन्हाळ्यात आखितीला तेवढी ती सागाकडं जायची. तवा पानी पार तळाला गेल्यालं असतंय, डोळ्याला तरास न्हाई. मातीचा करा भरून न्यायची, ल्योकाच्या नावानं पानी सोडायची, बुंध्याला हात लावून माघारी यायची. नाथाजी सोबत कवाच आला न्हाई. वट्यावर बसून मिशा कुरवाळत ऱ्हायचा. शालूबाई मनात म्हनायची, बाप म्हनवतो, येवढंबी हुईना.

आन् दिवाळी झाली, पानी जरा उतरलं, की ह्येचं एक निराळंच खूळ सुरू. पाटं पाटं उठायचं, घमेलं आन् खोरं खांद्यावर टाकायचं आन् चालू पडायचं. कुठं चालला म्हनून इचारलं तर उत्तर ठरल्यालं. "मगरीला माती चाराया." तळ्यात म्हनं एक म्हातारी मगर हाय. तिचं दात पडल्यात, मास चावत न्हाई, तवा ती काठ खाती. तिला घरची मऊ माती चारली की पोट भरतंय, मग ती वरसभर गप निजती. कवा कवा म्हनं ढेकर द्येती, त्येलाच लोक ढगाचा गडगडाट म्हनत्यात. शालूबाईला काय हसू येत न्हवतं. तिला वाटायचं, कुठं तरी पत्त्याचा डाव बसत असंल, न्हाई तर दारूचा. हात-पाय चिखलानं भरून माघारी आला की ती न्हानीत पानी ठेवायची आन् पाठ फिरवायची.

गोठ्यामागं त्येनं एक खड्डाबी पाडला हुता. तिथं जुन्या गावठानाची पांढरी माती. खड्डा वरसागनिक वाढत चालल्याला. शालूबाईनं एकदा तोंड उघडून इचारलं, तर म्हनला, शिवाजी म्हाराजांच्या येळचा हंडा हाय खाली, घावला की तुला सोन्याचं जोडवं. जोडवं काय आलं न्हाई. एका पावसाळ्यात एक म्हस मातर त्या खड्ड्यात पडली आन् चौघांनी मिळून वर काढाय लागली.

तीन वरसांमागं नाथाजी गेला. झोपेतच गेला, कुनाला तरास दिला न्हाई. शालूबाईनं रीतीपरमानं समदं केलं. रडली बी. पर गाठ काय सुटली न्हाई. आन् पुढल्याच आखितीला ती सागाकडं गेली तर बघती काय, बुंध्याखालनं एक मूळ उघडं पडल्यालं. दुसऱ्या आखितीला आनखी. तिसऱ्याला तर मुळं कमरंएवढी वर लोंबत हुती, एखाद्या म्हाताऱ्याच्या हाताच्या शिरा दिसाव्या तशी. तिला वाटलं, पानी माजलंय. आदी ल्योक नेला, आता त्येचा साग न्यायला टपलंय.

ह्याच साली उन्हाळ्यात गावात सांगावा आला. तळ्याचा काठ राखायला दगडी पिचिंग, म्हंजी काठावर दगडाचं अस्तर, करायचं, पर दगड एकाच तुकड्याला पुरंल. तवा जिथं काठ समद्यात लवकर चाललाय तिथंच बसवायचा. आन् काठ कुठं किती चाललाय हे ठरवायला साताऱ्याच्या कालेजातनं एक बाई आली. संयोगिता तिचं नाव. पोरीच्या वयाची, पायात बूट, डोईला टोपी, पाठीला ही मोठी पिशवी. पिशवीत गिरमिट, करवत आन् भिंग.

कुनी म्हनालं, काठ मोजायचा तर टेप लावा, झाडाला गिरमिट कशाला? ती म्हनली, टेप आजचं सांगंल, पर आदी काठ कुठवर हुता हे झाडालाच ठावं. मग तिनं बुंध्यात गिरमिट फिरवून शिसपेन्सिलीगत बारीक काडी भाईर काढली आन् बायांना दाखवली. येका वरसाची येक रेघ. बायांनी नानासोचा साग कवा लावला ते सांगितलं, तिनं रेघा मोजल्या, आन् दोन्ही जुळलं. बाया खूष. मुळाचंबी तसंच, ती म्हनली. मूळ मातीत असतंय तवर त्येचं लाकूड येका तऱ्हेचं. माती गेली, वारं-ऊन लागलं, की लाकडाची घडनच बदलती. शालूबाईला ते चटशिरी कळलं. माहेरची पोर सासरी आली की चार दिसात तिची चाल बदलती, बघनाऱ्याला लगीच उमगतंय. तसंच म्हनायचं.

पर त्येच्यासाठी मुळाची चकती कापाय लागती. वीरधवलच्या सागापाशी संयोगिता करवत घिऊन आली तशी शालूबाई आडवी झाली. संयोगितानं करवत खाली ठेवली आन् तिच्याजवळ मातीत बसली. काकडीच्या चकतीएवढंच घेते आजी, झाडाला धक्का लागनार न्हाई, आन् कदाचित त्येच्यामुळंच दगड हितं येतील, असं तिनं समजावून सांगितलं. शालूबाईनं मुळावरनं हात फिरवला. मग पदराच्या गाठीतली हळद काढली. "काप. पर कापलं की ही लाव."

संयोगितानं हळद लावली. तशीच तिनं उताराच्या दुसऱ्या सागांची मुळं कापली, आन् तळ्याच्या पल्याडच्या अंगाला धनगरवस्तीपाशी दोन साग हुते, त्यांचीबी.

धनगरवस्तीत तानुबाई ऱ्हायाची. तिची मेंढरं उतारावर चरायची, आन् शालूबाईच्या दारात ती ताक न्यायला यायची, त्यातनं दोघींचं जमायचं. तानुबाईच्या मेंढरांच्या वाड्याची भिंत गेल्या पावसात पान्यात गेलती. आता घराच्या न् काठाच्या मधी बैलगाडी वळंल येवढीच जागा. तिचा ल्योक धुळा म्हनत हुता, औंदा दगड न्हाई आला तर जतला मामाकडं जाऊ. तानुबाई म्हनायची, मामाकडं काय तळं न्हाई, पर पानीबी न्हाई. जावं कुठं.

पंधरा दिसांनी संयोगिता माघारी आली आन् सरळ शालूबाईच्या वट्यावर येऊन बसली. फोनमधी चकतीचा फोटू, भिंगाखालचा, लय मोठा केल्याला. तिनं सांगितलं ते आसं. बाकी समद्या सागांची मुळं दहा-अकरा वरसांमागं उघडी पडल्यात. वीरधवलच्या सागाचं मूळ तीनच वरसांमागं. आन् तरीबी ते कमरंएवढं लोंबतंय. म्हंजी बाकीच्यात समद्यात जास्त माती गेलीया धनगरवस्तीपाशी, पर तिथं जेवढी अकरा वरसात गेली, तेवढी हितं तीन वरसात गेली. ह्या हिशेबानं समद्या तळ्यात लवकर जानारा काठ ह्योच.

"मग दगड?" शालूबाईनं इचारलं.

"मग दगड इथंच येतील, आजी. पण एक गोष्ट मला उलगडत नाही." तिनं फोटूवर बोट ठेवलं. "ह्या जुन्या वर्षांमध्ये दरवर्षी एक बारीक फिकट पट्टी दिसते. जणू मूळ थोडे दिवस उघडं पडायचं आणि परत झाकलं जायचं. तिथं कुणी माती टाकत होतं का?"

"कोन टाकनार बाय. माज्याबिगर त्या झाडाकडं कुनी जात न्हाई."

तिनं खोटं सांगितलं न्हाई. तिला ठावं हुतं तेवढं सांगितलं. संयोगिता म्हनली, मग लाटेनंच कधी गाळ आनून टाकला असंल. परवा अहवाल देते. आन् गेली.

शालूबाईला लय दिसांनी चहा गोड लागला. दुपारच्याला तानुबाई ताकाला आली तशी तिनं समदं सांगून टाकलं, चकती, पट्टी, दगड, समदं. तानुबाईनं लोटकं खाली ठेवलं. ताक घेतलं न्हाई.

"वैनी, माती तर दादा टाकत हुतं."

शालूबाईला आदी वाटलं, ही कुठल्या दादाचं बोलतीया.

मग तानुबाईनं सांगितलं. दर साली दिवाळी झाली की पाटंचं ती मेंढरं घिऊन उतारावर जायाची, तर नाथाजी घमेल्यानं माती आनून सागाच्या मुळावर ओतत असायचा. ओतायची, पायानं तुडवायची, वर गवताचं ढेकूळ बसवायचं. मेंढरांनी माती उकरली की शिव्या द्यायचा, फौजेतल्या, हिंदीतनं, तिला अर्ध्या कळायच्याबी न्हाईत. कवा कवा काम झालं की बुंध्याला टेकून बसायचा आन् तोंडावर टावेल घ्यायचा. तानुबाई मेंढरं लांब वळवायची. मानूस टावेलाखाली काय करतंय ते बघू नये.

"मी एकदा म्हनलं त्यास्नी, वैनीला सांगा की. तर म्हनलं, न्हाई. सांगितलं की ती बी येनार, आन् पान्याकडं बघितलं की तिचा जीव निम्मा हुतोय. तिला वाटू दे, झाड आपलं आपुन उभं हाय."

तानुबाई उठली. "माजं घर पान्यावर हाय. मी त्या बाईला सांगाया गेले तर लोक म्हनतील, दगडापायी बोलती. मी सांगनार न्हाई. तुमी काय करायचं ते करा." आन् जाताना लोटकं इसरून गेली.

शालूबाई गोठ्यामागं गेली. खड्डा हुता तिथंच. तीन वरसांत कडंनं तरवड उगवल्याला, पर पोट तसंच, खोऱ्याचं घाव अजून भिंतीवर. येवढा खड्डा. येवढी माती गेली कुठं, हे तिनं येवढ्या वरसात येकदाबी इचारलं न्हवतं. हंड्याची थाप ऐकली आन् पाठ फिरवली. तिनं मूठभर माती उचलली. पांढरी, मऊ, राखंगत.

मग ती सागाकडं गेली. उन्हाचा कहर. पानी पार तळाला. ती गुडघ्यावर बसली आन् लोंबत्या मुळांच्या बेचक्यात बोटं घातली. तळ्याचा काठ समदा तांबडा, लाल मातीचा. आन् बेचक्यात, जिथं लाटंचा हात पोचला न्हाई, तिथं पांढऱ्या मातीचं ढेकूळ अडकून बसल्यालं. येका मुळात, दुसऱ्यात, तिसऱ्यात. तिनं आनल्याली मूठ शेजारी धरली. घरची माती घरच्या मातीला वळखती.

तिथं ती ऊन कलं पातूर बसली. गप बसायचं का बोलायचं, येवढाच सवाल. गप बसली तर उद्या गाड्या येतील, दगड बसतील, साग तिच्या मागंबी उभा ऱ्हाईल. कुनाला कळनार न्हाई. तानुबाई बोलनार न्हाई, आन् मेल्याला मानूस तर न्हाईच न्हाई. पर गप बसायचं म्हंजी काय? म्हंजी कागदावर लिव्हलं जानार, हितं कुनी माती टाकत न्हवतं. ज्येच्याशी त्यो जिता असताना ती बोलली न्हाई, त्येची घमेली मेल्यावर तिनंच पुसून टाकायची. आन् वर तानुबाईचं घर पान्यात जाताना बघायचं, ताक देत देत.

तिनं तिथनंच फोन लावला.

"बाय, माती टाकत हुतं. आमचं मालक टाकत हुतं. मला ठावं न्हवतं."

मग संयोगितानं हळू इचारलं, कधी टाकायचे, कुठली माती, कधी थांबले. शालूबाईनं समदं सांगितलं. आन् मग ती पोर म्हनली, आजी, त्या फिकट पट्ट्यांमधी एका वरसाची पट्टी बाकीच्यांपेक्षा जाड हाय. त्या साली माती उशिरा पडलीया. ती कुठलं साल ते सांगाया लागली आन् शालूबाईला आठवलं. त्या दिवाळीला नाथाजीचा पाय मोडला हुता. प्लास्टर काढलं तवा शिमगा आला हुता. आन् दुसऱ्याच दिशी काठी टेकत, लंगडत ह्यो घमेलं घिऊन निघाला. ती म्हनली हुती, येवढी कसली घाई. तर म्हनला हुता, मगरीचं बोलावनं आलंय, उपाशी हाय बिचारी. आन् शालूबाईनं दार लावून घेतलं हुतं.

"आजी, म्हणजे तीन वर्षांत गेली ती टाकलेली मऊ माती, मूळचा काठ नव्हे. मग दगड धनगरवस्तीकडं जातील. तिथला काठ जास्त वेगानं जातोय."

"व्हय. ठावं हाय."

"झाडाचं…"

"ठावं हाय बाय," शालूबाई म्हनली आन् फोन ठेवला. मग तिनं बुंध्याला डोकं टेकलं. टावेल घिऊन त्येनं जिथं टेकलं असंल त्या जागी. अकरा वरसांत ती पयल्यांदा त्येच्यासंगं बोलली, आन् काय बोलली ते सागाला ठावं.

पावसाच्या आदी धनगरवस्तीत गाड्या आल्या. दगड बसलं. तानुबाईनं पयल्या दगडाला नारळ फोडला आन् खोबरं शालूबाईला आनून दिलं. दोघींनी मिळून खोबरं खाल्लं. पावसाळा आला. शालूबाई ह्या साली दाराआड बसली न्हाई. छत्री घिऊन उतारावर गेली, भरल्या पान्याकडं बघत उभी ऱ्हायली. लाटा यायच्या, मुळात शिरायच्या, लाल होऊन माघारी जायच्या. साग पान्याकडं कलला. पडला न्हाई, पर कलला. येखादं साल, फार तर दोन. ते तिलाबी कळत हुतं.

दिवाळी झाली. पानी उतराया लागलं. शालूबाईनं गोठ्यातलं खोरं काढलं. त्येच्या दांड्याला त्येच्या हाताचा खळगा पडल्याला, तिचा हात त्यात सैल बसायचा. खड्ड्यात उतरली, अर्धंच घमेलं भरलं, म्हाताऱ्या मानसाला जास्त झेपत न्हाई. उतारावर येऊस्तवर दोनदा बसली. मुळावर माती ओतली, पायानं तुडवली. पल्याड तानुबाईची मेंढरं हिकडं वळत हुती. तानुबाईनं लांबनंच खडा टाकून ती माघारी वळवली.

घरी आली तर फोन वाजत हुता. आष्ट्याला दिलेली लेक, विजयमाला. सकाळपास्नं किती फोन केलं, कुठं हुतीस आई, म्हनून ती रागावली.

शालूबाई वट्यावर टेकली. हाता-पायाला चिखल. न्हानीत पानी ठेवनारं कुनी न्हवतं.

"मगरीला माती चाराया गेलते," ती म्हनली.